दिघे साहेबांची धास्ती

दिघे साहेब निकाल उभे राहून वाचत. इंदूरच्या रामबागेतल्या त्यांच्या ऑफिसात चांगली गादीची खुर्ची होती, टेबलावर दिवा होता. पण वरच्या कोर्टाचा एखादा नवा निकाल हातात आला की ते उठून खिडकीशी जात, चष्मा कपाळावर चढवत आणि कागद जवळजवळ नाकाला लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचत. मध्येच कुणी आलं, फोन वाजला, खालच्या दुकानातून चहा आला, तरी मान वर होत नसे. मी त्यांच्याकडे नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, "सर, बसून वाचा ना. एवढा मोठा आहे." ते म्हणाले, "नाही बेटा. बसून वाचलं ना, की माणूस आपल्या सोयीचं वाचतो. उभं राहिलं की पाय दुखतात, मग सोय-बिय काही सुचत नाही."

ते विमा कंपनीचे वकील होते. बांधकामावर कुणी पडलं, कारखान्यात कुणाचा हात गेला, गोदामाची भिंत शेजारच्या घरावर कोसळली, की त्या माणसाचा दावा कोर्टात यायचा आणि कंपनीची फाइल आमच्याकडे यायची. कंपनीने भरपाई का देऊ नये, हे कोर्टाला पटवून देणं हे आमचं काम. हे काम करणारा माणूस कसा असेल, याची जी कल्पना माझ्या मनात होती, तिच्यात दिघे साहेब कुठेच बसत नव्हते. उंच, जरासे वाकलेले, काळा कोट खांद्यावरून घसरल्यासारखा. आणि सदा धास्तावलेले.

धास्तावलेले म्हणजे अगदी खरेखुरे. इतक्या वर्षांच्या वकिलीनंतरही पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, सकाळी त्यांना नाश्ता जात नसे. कोर्टात निघताना ते जिना उतरून खाली जात, पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघत. फाइलची पानं गाडीत एकदा, कोर्टाच्या पायऱ्यांवर एकदा आणि पुकारा होण्याआधी एकदा मोजत. त्यांच्या घरी काकू हसून सांगायच्या, "लग्नाआधी मला कुणी बोललंच नाही, की मुलगा इतका घाबरट आहे म्हणून. मी समजले, वकील आहे तर शेर असेल!" साहेबांना त्याचा राग येत नसे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. "आमच्या खानदानात तलवार कुणी धरलीच नाही," ते म्हणत. "सगळ्यांनी बोरू धरला. दरबारात एक अक्षर चुकलं की नोकरी गेली. ती भीती खाली उतरत उतरत माझ्यापर्यंत आली. क्या है ना, बाकी काही इस्टेट उतरली नाही."

मला ते शिकवत, तेही असंच. "घाबरून वाच," हे त्यांचं रोजचं वाक्य. "कागद वाचताना घाबरायचं. न घाबरता वाचलेला कागद अर्धाच वाचलेला असतो." एकदा कारखान्यातून काढलेल्या एका चौकीदाराच्या प्रकरणात मी निकालाचा सारांश काढून नेला. त्यांनी तो बघितलाही नाही. म्हणाले, "हा सारांश कुणी केला?" मी म्हटलं, मी. "मग त्यात तू आहेस. कोर्ट कुठाय?" त्या दिवशी सगळा निकाल मला मोठ्याने वाचायला लावला. चौकीदाराला काढताना त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं, असं त्यात सोळाव्या पानावर एका ओळीत होतं, आणि ती ओळ माझ्या सारांशात नव्हती. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बघ, एका ओळीत माणसाची नोकरी होती."

माझ्या घरी नोकरीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. माझे वडील कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते, पण त्यानंतर त्यांनी धरलेली आणि सुटलेली कामं मला ओळीने आठवतात. म्हणून वकिलीत आल्यावर माझी एकच इच्छा होती: कंपनीच्या वकिलांच्या यादीत, जिला आम्ही पॅनल म्हणतो, आपलं स्वतःचं नाव यावं. एकदा नाव लागलं की नेमाने कामं येतात. मी सांगते त्या वर्षी दिघे साहेबांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं होतं आणि माझा अर्ज कंपनीतल्या दुबेजींच्या टेबलावर होता. दुबेजी दाव्यांचा विभाग सांभाळत. "बस, इसी महीने हो जाएगा," असं ते मला दोनदा म्हणाले होते.

त्याच सुमारास मांगीलालचं प्रकरण सुनावणीला आलं.

मांगीलाल गौतमपुऱ्याचा. थोडी शेती, उरलेल्या दिवसांत मजुरी. त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, सांवेर रोडवर एका गोदामाच्या बांधकामावर सेंटरिंगचं काम करायचा. साळ्याला ताप आला, ठेकेदार म्हणाला, माणूस कमी पडता कामा नये, म्हणून मांगीलाल त्याच्या जागी गेला. तिसऱ्या दिवशी छताखालचे टेकू सरकले आणि तो वरून पाठीवर पडला. जीव वाचला, कमरेखालचं शरीर गेलं. ठेकेदाराने कामगारांचा विमा काढलेला होता, पण विम्याला जोडलेल्या यादीत नाव साळ्याचं होतं, मांगीलालचं नव्हतं. अपघातानंतर वर्षभरात ठेकेदाराने धंदा गुंडाळला आणि तो इंदूर सोडून गेला. म्हणजे भरपाई मिळाली तर कंपनीकडूनच, नाहीतर हातात नुसता हुकमाचा कागद.

आमचा बचाव सरळ होता. यादीत नाव नाही, म्हणून जबाबदारी नाही.

मांगीलालची साक्ष होती त्या दिवशी कोर्टाची लिफ्ट बंद होती. त्याचे दोघे भाऊ त्याला व्हॅनमधून घेऊन आले होते, आणि आता खुर्चीसकट दोन जिने वर कसं न्यायचं म्हणून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्याची बायको सुगनबाई व्हॅनच्या दाराशी उभी राहून त्याच्या पायांवरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होती. दिघे साहेबांनी ते बघितलं आणि वर जाऊन न्यायाधीश बाईंना विनंती केली, की साक्ष खाली व्हॅनपाशीच घ्यावी. विरुद्ध बाजूचा वकील स्वतः ही विनंती करतोय म्हटल्यावर बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग टंकलेखकाला घेऊन खाली उतरल्या.

मांगीलालचा वकील पाटीदार नावाचा तरुण होता, सिमरोलच्या शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यातला पहिला वकील. त्याने प्रश्न विचारून झाल्यावर साहेब व्हॅनच्या दाराशी वाकले. आवाज इतका हळू, की टंकलेखकाला पुढे सरकावं लागलं.

"मांगीलालजी, ठेकेदार के पास जो लिस्ट थी, उसमें आपका नाम था?"

"नी साब," तो म्हणाला. "म्हारो नाम नी थो. साला को थो. ऊ बीमार थो, तो हूं गयो थो."

"बस," साहेब म्हणाले. "और कुछ नहीं पूछना।"

एका प्रश्नात आम्ही जिंकल्यात जमा होतो. पाटीदारचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात दुबेजींना पाठवायचा निरोपही तयार केला. गाडीत बसल्यावर साहेबांनी चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. "मुग्धा," ते म्हणाले, "किती सरळ सांगितलं गं त्याने. जरा अडखळला तरी असता." मग काचेतून समोर बघत म्हणाले, "आपण प्रश्न बरोबर विचारला ना?" मी म्हटलं, "एकदम बरोबर, सर." त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली.

शेवटच्या युक्तिवादाची तारीख सोमवारची होती. त्याआधीच्या गुरुवारी माझ्या फोनवर वकिलांच्या एका ग्रुपमध्ये नवा निकाल आला. मी तो घरी, जेवणाच्या ताटावर बसून उघडला आणि चार पानांनंतर घास तसाच राहिला. वरच्या कोर्टाने म्हटलं होतं: विम्याचा हप्ता माणसांच्या संख्येवर घेतला असेल, तर यादीतलं एक नाव बदललं म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, आजाऱ्याच्या जागी आलेला बदली कामगारही त्या विम्यात धरला जाईल. गाव वेगळं, माणसं वेगळी. बाकी ती मांगीलालचीच गोष्ट होती.

मी निकाल पुन्हा वाचला, या आशेने की काहीतरी फरक सापडेल. आमच्या विम्याचा हप्ताही संख्येवरच होता. ठेकेदाराने बारा माणसांचा विमा काढला होता आणि त्या दिवशी कामावर बाराच माणसं होती.

शुक्रवारी सकाळी मी तो छापून साहेबांच्या हातात दिला. देऊ नये असं वाटलं होतं, हे लपवत नाही. पण आज ना उद्या तो त्यांच्यापर्यंत पोचलाच असता. ते खिडकीशी गेले. वाचून झाल्यावर पहिलं पान उलटून पुन्हा सुरुवात केली. 

"पाटीदारकडे असेल हा?" त्यांनी विचारलं.

"नाही वाटत, सर. तो त्या ग्रुपमध्ये नाहीये. आणि त्याच्याकडे कुणी ज्युनिअर पण नाही."

 मी पुढे बोलले. ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. "सर, निकाल शोधणं त्याचं काम आहे, आपलं नाही. आपण कंपनीचे वकील आहोत. मी तो मेसेज बघितलाच नाही, असं समजा."

मला वाटलं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदांची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघू." एवढंच. मग नेहमीपेक्षा लवकर घरी गेले, आणि कुलूप ओढून बघायला परत आले नाहीत.

शनिवारी काकूंचा फोन आला. "मुग्धा, काही झालं का गं ऑफिसात? हे काल जेवले नाहीत. सकाळपासून गच्चीवर फेऱ्या मारतायत. विचारलं तर बोलतात, काही नाही, एक कागद आहे." मी म्हटलं, काही नाही काकू, पेशी आहे सोमवारी. रविवारभर मी सुद्धा फोन उलटा करून ठेवला होता. साहेब फोन करून निकालाच्या प्रती काढायला सांगतील, याची भीती होती. आणि फोन आलाच नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, याचीही. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची लाज वाटली, पण ती नंतर.

सोमवारी पुकारा झाल्याबरोबर पाटीदार उभा राहिला. हायकोर्टात दुसरी पेशी आहे, मला पुढची तारीख द्यावी, असं तो म्हणाला. न्यायाधीश बाईंनी डायरी उघडली; पंधरा दिवसांनंतरची तारीख देण्याच्या बेतात होत्या. एरवी दिघे साहेब अशा वेळी कधीच आडवे येत नसत. "आज त्याला, उद्या आपल्याला," असं म्हणत. त्या दिवशी मात्र ते ताडकन उठले.

"मैडम, मेरी आपत्ति है। आज ही सुन लिया जाए।"

बाईंनी आश्चर्याने पाहिलं. पाटीदार कळवळून म्हणाला, "सर, पंद्रह दिन की तो बात है।" साहेब त्याच्याकडे न बघता पुन्हा म्हणाले, "आज ही।" माझ्या लक्षात आलं, किंवा तेव्हा मला तसं वाटलं: पंधरा दिवसांत पाटीदारला तो निकाल सापडू शकतो, म्हणून साहेबांना आजच निपटवायचं आहे. त्यांनी माझं ऐकलं होतं. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी मागे वळून बघितलं. मागच्या बाकावर सुगनबाई बसली होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. ती फक्त ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे बघत होती.

पाटीदारने जमेल तसा युक्तिवाद केला. अपघात झाला, माणूस कामावर होता, गरीब आहे. कायद्याचा आधार काही नव्हता. मग दिघे साहेब उभे राहिले, पाण्याचा एक घोट घेतला आणि कोटाच्या आतल्या खिशातून ती घडी काढली. सोबत दोन प्रती होत्या. कुठून तरी स्वतःच काढून आणल्या होत्या. एक त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली, एक पाटीदारसमोर.

"मैडम, एक नया निर्णय आया है। मेरे खिलाफ जाता है। मेरे दोस्त को शायद अभी मिला नहीं। कोर्ट के सामने रखना मेरा काम है, इसलिए रख रहा हूँ।"

 पाटीदार कागदाकडे असा बघत होता, जणू त्याला कुणी फसवतंय.

आणि त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अजून पुरतं सांगता येत नाही. त्यांनी त्याच निकालाविरुद्ध अर्धा तास जीव तोडून युक्तिवाद केला. तिथला कामगार कायमचा होता, इथला तीन दिवसांचा. तिथे मालकाने बदली कळवली होती, इथे कळवली नाही. विम्याच्या अटींमधली अमुक ओळ वेगळी आहे. कपाळावर घाम, आवाज चिरका झालेला. कंपनीसाठी जे जे बोलता येण्यासारखं होतं, ते सगळं ते बोलले. त्यांचा एवढा चांगला युक्तिवाद मी कधी ऐकला नव्हता. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

दहा दिवसांनी हुकूम झाला. भरपाई कंपनीनेच द्यायची होती.

दुबेजी स्वतः ऑफिसात आले. खुर्चीवर बसलेही नाहीत. "दिघे साब, एक बात बताइए। आपकी फीस हम देते हैं या मांगीलाल?"

मला वाटलं, साहेब आता काहीतरी खणखणीत बोलतील. ते नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "आप देते हैं।"  दुबेजी आणखी कितीतरी बोलले. साहेबांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. महिनाभरात कंपनीची माणसं येऊन सगळ्या फाइली घेऊन गेली. माझा अर्जही परत आला. त्यावर कारण लिहिलेलं नव्हतं. कंपनीने दुसऱ्या वकिलामार्फत अपील केलं, ते पहिल्याच दिवशी फेटाळलं गेलं. मांगीलालला भरपाई मिळाल्याचं पाटीदारने मला कोर्टाच्या कँटीनमध्ये सांगितलं. पायांत बळ येणार नव्हतंच, पण घराला पक्कं दार आणि उतरण झाली, चाकाच्या खुर्चीवरून तो अंगणात येऊन बसतो, म्हणाला.

या सगळ्याने दिघे साहेबांना शांती मिळाली असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. त्यांची धास्ती वाढली. ते ज्याला त्याला विचारत सुटले: जुन्या मित्रांना, निवृत्त न्यायाधीशांना, मला. "कंपनीने माझ्यावर विश्वास टाकला होता. मी त्यांचा घात तर नाही ना केला? कायदा सांगतो की दाखवायला पाहिजे, ते ठीक आहे. पण त्यांना आधी फोन करून सांगायला पाहिजे होतं का?" आणि माझ्याबद्दल: "तुझं नाव लागलं असतं गं. माझ्यामुळे गेलं." मी म्हणायची, जाऊ द्या सर. आणि ते जाऊ देत नसत. शेवटी त्यांनीच एका दुसऱ्या वकिलांना फोन केला, मला त्यांच्याकडे पाठवलं. निघताना म्हणाले, "तिथे पगार वेळेवर होईल. आणि ऐक, कँटीनमधल्या भिया लोकांच्या गप्पांत बसू नकोस. घाबरून वाचत जा."

दोन वर्षांनी त्यांच्या हृदयाने असहकार पुकारला. ते दवाखान्यात होते तेव्हा मी दुपारी भेटायला जात असे. चार-पाच भेटी झाल्या असतील. मग एका पहाटे ते गेले. जुन्या ओळखीतले बरेच लोक आले होते. दुबेजीही आले आणि सगळ्यांच्या मागे शेवटपर्यंत उभे राहिले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या आठवड्यातलं. काकू खाली औषध आणायला गेल्या होत्या. साहेब उशीला टेकून बसले होते, बोटांनी चादरीची कड मोजत असल्यासारखे. मी बरेच दिवस बोलायचं ठरवत होते, ते त्या दिवशी बोलून टाकलं.

"सर, मला तेव्हा खरंच तो निकाल दडवायचा होता. नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. तुम्ही पाटीदारला तारीख मिळू दिली नाहीत, तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझं ऐकलंत."

"माहीत आहे," ते म्हणाले.

थोडा वेळ त्यांना दम लागला. मी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"तीन दिवस तो कागद खिशात ठेवला होता ना, बेटा, तर तीन दिवसांतच मला तुझं पटायला लागलं होतं. म्हणून तारीख घेऊ दिली नाही. आणखी पंधरा दिवस मिळाले असते, तर मी तो काढलाच नसता."